मैदानातलं टपाल : शेवटचे तीन आउट कुणाच्या हाती?

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : बेसबॉलमध्ये सगळ्यात कमी खेळून सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस म्हणजे रिलीफ पिचर. त्यावर इतकी पत्रं आली, की खो-खो आणि कबड्डीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागलेत. कबड्डीवाल्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. चेंडू टाकतो तो पिचर. चार बेस फिरून घरी आलं की एक धाव, आणि तीन आउट झाले की एका संघाची इनिंग संपते. सामना सुरू करतो तो स्टार्टर. तो दमला, फुटला किंवा त्याचा दिवसच नसला, की मैदानाच्या कडेला बुलपेनमध्ये हात गरम करत बसलेला दुसरा पिचर येतो, तो रिलीफ पिचर. आपण पुढे असताना नववी, म्हणजे शेवटची, इनिंग ज्याच्या हवाली करतात तो क्लोजर. त्यानं आघाडी शेवटपर्यंत राखली, की त्याच्या नावावर मांडतात तो सेव्ह.

बाई, नमस्कार. आम्ही दोघं एका वर्गातले. पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघतो, घरच्यांना वाटतंय अभ्यासाला उठलेत. मी म्हणतो मारियानो रिव्हेरा हाच सगळ्यात मोठा रिलीफ पिचर. हा म्हणतोय ट्रेव्हर हॉफमन, कारण सहाशे सेव्ह पहिल्यांदा त्यानं केले. मिसळीची पैज लागलीय. तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य. — दोन मित्र, निपाणी

मिसळ हॉफमनवाल्यानं द्यायची. खरं त्याची बाजू तू समजतोस तेवढी लंगडी नाही, म्हणून जादा रस्सा त्याला.

रिव्हेराचे सेव्ह ६५२, हॉफमनचे ६०१. पाचशेचा आणि सहाशेचा टप्पा आधी हॉफमननं गाठला, इथं तुझा दोस्त बरोबर आहे. आता ज्यावर फारसं कुणी बोलत नाही ते सांगते. दोघांना जेवढ्या संधी मिळाल्या त्यातल्या किती राखल्या, हे काढलं तर रिव्हेरा ८९ टक्क्यांच्या केसभर वर आणि हॉफमन केसभर खाली. नुसत्या सेव्हवर भांडायचं तर तुमची पैज बरोबरीत सुटते.

फरक दुसरीकडे आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, पिचरनं नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या त्याला ईआरए म्हणतात. रिव्हेराचा २.२१, हॉफमनचा २.८७. हे झालं वर्षभराच्या सामन्यांचं. त्यानंतर येतो ऑक्टोबर, प्लेऑफ, जिथं समोर फक्त तगडे संघ उरलेले असतात. तिथं रिव्हेरानं १४१ इनिंग टाकल्या आणि त्याच्या नावावर धावा लागल्या ११. ईआरए ०.७०, सेव्ह ४२. भलेभले पिचर ऑक्टोबरमध्ये दबतात. हा माणूस तिथं आणखी चांगला टाकायचा. माझ्या लेखी वाद इथंच संपतो.

तुमच्या दोघांचे दोन्ही हिरो एकाच सामन्यात बघायचे असतील तर १९९८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे वर्षाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना शोधा. गाव सॅन डिएगो. आठव्या इनिंगमध्ये घरचा संघ पाड्रेस ३-२ नं पुढे. हॉफमन आला, सगळं स्टेडियम उभं. न्यूयॉर्क यांकीजच्या स्कॉट ब्रोशियसनं त्याला तीन धावांचा होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापार) मारला. यांकीज ५-४ नं जिंकले आणि शेवटचे आउट काढले रिव्हेरानं. एका सामन्यावरून माणूस तोलू नये हे मलाही कळतं. हॉफमनच्या वाट्याला ऑक्टोबर आलाच थोडा, संघ जिंकत नसेल तर क्लोजर काय करणार?

आणि हॉफमनला कमी लेखायचं नाही हं. तान्हेपणीच त्याचं एक मूत्रपिंड काढलेलं. संघात घेतला तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून, बॅटिंग जमेना म्हणून पिचर केला. पुढं खांद्याचं ऑपरेशन झालं, वेग गेला. तेव्हा एका सोबत्याकडून त्यानं चेंजअप शिकून घेतला. हात तेवढ्याच जोरात फिरतो, चेंडू मात्र सावकाश येतो, फलंदाजाची बॅट आधीच फिरून मोकळी. पुढची पंधरा वर्षं मुख्यत्वे त्या एका चेंडूवर काढली. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत, गेला. अमेरिकेत आता दर वर्षी दोन लीगमधल्या उत्तम रिलीफ पिचरांना पुरस्कार देतात, एक रिव्हेराच्या नावानं आणि दुसरा हॉफमनच्या. म्हणजे तुमचं भांडण तिकडच्या लोकांनी केव्हाच अर्धं-अर्धं वाटून टाकलंय.

बाई, बँकेत हिशेब तपासण्यात जन्म गेला. ‘सेव्ह’चा हिशेब काही पटत नाही. तीन धावांची आघाडी हातात घेऊन यायचं, त्यातल्या दोन घालवायच्या, तरी जमा खातं चोख? — निवृत्त बँक कर्मचारी, शहापूर, बेळगाव

नमस्कार. पटत नाही ते बरोबरच आहे. मलाही पटत नाही.

नियम असा. आपला संघ जिंकला पाहिजे, शेवटचा आउट तुम्ही काढला पाहिजे आणि विजय तुमच्या नावावर मांडलेला नसला पाहिजे. शिवाय तीनपैकी एक गोष्ट हवी. आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असताना येऊन निदान एक इनिंग टाकलेली असावी. किंवा तुम्ही आलात तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटवर किंवा त्याच्या मागे पुढच्या पाळीसाठी उभा असावा. किंवा निदान तीन इनिंग नीट टाकलेल्या असाव्यात, मग आघाडी कितीही असो.

या शेवटच्या कलमाची गंमत ऐका. २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सास रेंजर्सनी बाल्टिमोर ओरिओल्सना ३०-३ नं हरवलं. तीस-तीन! शेवटच्या तीन इनिंग वेस लिटलटन नावाच्या पिचरनं टाकल्या आणि त्याला सेव्ह मिळाला. सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना ‘वाचवल्याबद्दल’. तुमच्या ऑडिटमध्ये असली नोंद सापडली असती तर लाल शाई संपली असती.

आता उलट बाजू. सातवी इनिंग, एका धावेची आघाडी, तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी, एकही आउट नाही. अशा वेळी येऊन एकही धाव न देता कुणी तीन आउट काढले, तर सामना खरा वाचवला त्यानं. त्याला सेव्ह मिळत नाही. मिळतो ‘होल्ड’, तोही बिनसरकारी आकडा. दोन इनिंगनंतर दुसरा येतो, रिकाम्या बेसवर तीन आउट काढतो, सेव्ह त्याचा. पंगतीत ज्यानं शेवटी ताक वाढलं त्याच्या नावावर अख्खा स्वयंपाक मांडायचा, असला हा हिशेब.

गंमत म्हणजे हा आकडा निघाला होता दुसराच एक खोटा हिशेब दुरुस्त करायला. १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या एलरॉय फेसनं रिलीफ पिचर म्हणून १८ सामने जिंकले, एकच हरला. लोक वाहवा करत होते. शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन म्हणाला, थांबा, यातले काही विजय तर स्वतःच आघाडी घालवून मग संघानं पुन्हा धावा केल्या म्हणून मिळालेत! म्हणून त्यानं आघाडी टिकवणाऱ्याची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि १९६९ पासून सेव्ह अधिकृत झाला. हेतू चांगला होता. पुढं झालं काय, की संघांचे मॅनेजर त्या आकड्याच्या मागे लागले. चांगला पिचर कठीण वेळी वापरायचं सोडून नवव्या इनिंगसाठी डबीत ठेवायला लागले.

म्हणूनच मला गूज गॉसेज फार वर वाटतो. सेव्ह ३१०, आजच्या मानानं काहीच नाही. खरं तो यायचा सातव्यात, आठव्यात, बेस भरलेले असताना, आणि शेवटपर्यंत टाकायचा. १९७८ मध्ये सगळे मिळून २७ सेव्ह आणि त्यासाठी टाकलेल्या इनिंग १३४ च्या वर. आजचा क्लोजर वर्षात साठ-सत्तर इनिंग टाकतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स यांच्यात बरोबरी फोडायचा एक जादा सामना झाला. गॉसेज सातव्यात आला. नवव्यात आघाडी एका धावेची, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, दोन आउट, समोर कार्ल यास्त्रझेम्स्की, बोस्टनचं दैवत. गॉसेजनं सरळ वेगावर उंच झेल काढला आणि सामना संपवला. मिशा दोन्ही बाजूंनी हनुवटीकडे उतरलेल्या, अंग पुढे झोकून टाकायची पद्धत अशी, की फलंदाजाला वाटावं चेंडूबरोबर हाही येतोय.

एका इनिंगचा क्लोजर ही रीत पक्की केली ती ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रूसा यानं, डेनिस एकर्स्लीला हाताशी धरून. एकर्स्ली आधी चांगला स्टार्टर होता, १९७७ मध्ये नो-हिटरही, म्हणजे बेस मिळवून देणारा एकही फटका न देता अख्खा सामना, टाकलेला. पुढं रिलीफला आला आणि १९९० मध्ये काय केलं बघा : ७३ इनिंगच्या वर टाकल्या, ४८ सेव्ह, ईआरए ०.६१, आणि अख्ख्या वर्षात फक्त चार जणांना फुकटचा बेस दिला. चार! १९९२ मध्ये उत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही त्यालाच. तेव्हा एक इनिंग टाकणारे सगळेच फुकटे असं नाही. मात्र १३४ इनिंग आणि ७३ इनिंग एकाच तागडीत टाकताना तुमच्यासारख्या माणसानं भुवया उंचावल्याच पाहिजेत.

आमच्या बुमराहला नेऊन उभा केला तर हे तुमचे क्लोजर घरी बसतील की नाही? — क्रिकेटवेडा, खानापूर

नाही बसणार. बुमराहला धावत येता येणार नाही, चेंडू टप्प्यावर टाकता येणार नाही, आणि अंतर १८.४४ मीटर. चेंडूही आपल्या चेंडूपेक्षा थोडा हलका. अरोल्डिस चॅपमननं २०१० मध्ये उभ्या जागेवरून ताशी १७० किलोमीटरच्या वर चेंडू टाकलाय. बुमराह मला तुझ्याइतकाच आवडतो, त्याला त्याच्या जागी राहू दे.

सौ. बाईंस सप्रेम नमस्कार. मुलाकडे बोस्टनला चार महिने राहून आले. नातू रेड सॉक्सवाला. त्याला म्हटलं, आमच्या मासिकातल्या बाई रिव्हेराचं कौतुक करतात, तर म्हणाला, ‘आजी, तो आमच्यापुढे फुटला होता.’ ऐन वेळी फुटणारा महान कसा? आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी एवढा मोठा माणूस दिवसभर बसवून का ठेवतात? — एक आजी, टिळकवाडी

ताई, नातवाचं खोटं नाही. १७ ऑक्टोबर २००४ ची रात्र. वर्ल्ड सिरीजला कोण जाणार हे ठरवणाऱ्या मालिकेत यांकीज ३-० नं पुढे, बोस्टनला एक सामना हरला की घरी जायचं. नववी इनिंग, यांकीज ४-३, चेंडू रिव्हेराच्या हाती. त्यानं पहिल्याच माणसाला, केव्हिन मिलरला, चार बॉल, म्हणजे फलंदाजाच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, टाकून फुकट बेस दिला. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स पळायला आला. स्टेडियममधल्या झाडून सगळ्यांना ठाऊक, की हा दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत गाठणार. रिव्हेरालाही ठाऊक, पहिल्या बेसकडे चेंडू फेकून फेकून त्यानं त्याला मागं रेटला. तरी रॉबर्ट्सनं चोरलाच, हाताची बोटं बेसला लागायला आणि अंगाला चेंडूचा टॅग पडायला वीतभराचा फरक. मग बिल म्युलरनं सरळ पिचरच्या बाजूनं मधोमध मारला आणि बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये बोस्टन जिंकलं, मग पुढचे तीन सामने, आणि मग वर्ल्ड सिरीजही, शहाऐंशी वर्षांनी.

त्याहून वाईट रात्र होती ४ नोव्हेंबर २००१ ची. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, ॲरिझोनात. रिव्हेरा आठव्यात आला आणि तिघांना स्ट्राइक-आउट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं. २-१ ची आघाडी, तीन आउट काढायचे. पहिल्यानं फटका मारला. दुसऱ्यानं बंट केला, म्हणजे नुसती बॅट लावून चेंडू पुढ्यात टाकला. रिव्हेरानं तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, आणि फेक वाकडी गेली. इतका शांत माणूस, चूक झाली ती पिच टाकताना नाही, साधी फेक करताना. बरोबरी झाली, बेस भरले. धाव घरी येऊ नये म्हणून आतले क्षेत्ररक्षक पुढे सरकून उभे राहिले. लुईस गोन्झालेझनं चेंडू जेमतेम दांड्याजवळ लावला. तो मऊ उडाला, पुढे सरकलेल्या शॉर्टस्टॉप डेरेक जेटरच्या डोक्यावरून गेला आणि नेहमीच्या जागी उभा असता तर जिथं सहज झेल झाला असता तिथं गवतावर पडला. सिरीज गेली.

आता नातवाला एक विचारा. ज्या माणसाच्या ऑक्टोबरमधल्या फजित्या हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि प्रत्येकीचा वार-तारीख लोकांना पाठ आहे, तो बाकीचे दिवस काय करत असेल? दुसऱ्या कुणाचं आघाडी घालवणं इतकं लक्षात राहत नाही, कारण ते नेहमीचंच असतं. एकर्स्लीला १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात कर्क गिब्सननं होम रन मारला, दोन आउट झालेले, गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, बेस फिरताना लंगडत होता. एकर्स्ली तरीही २००४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. रिव्हेराला तर २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं पडली. त्याच्याआधी असं एकमत कुणावरच झालं नव्हतं, बेसबॉलचा देव मानतात त्या बेब रूथवर सुद्धा.

बोस्टनचं आणखी एक सांगून ठेवते, नातवाला आवडेल. २००५ च्या एप्रिलमध्ये यांकीज तिथं गेले, रिव्हेराचं नाव पुकारलं, आणि बोस्टनच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चेष्टाच ती, आदल्या ऑक्टोबरची. रिव्हेरा हसला. मला त्याच्या ६५२ सेव्हइतकंच ते हसणं मोठं वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न, दिवसभर बसवून का ठेवतात. हे मी बसून काढलंय म्हणून सांगते. कॉलेजात मी सॉफ्टबॉलची दुसऱ्या नंबरची पिचर. धारवाडला स्पर्धा असल्या की पहिल्या नंबरची मुलगी टाकायची आणि मी कुंपणाशी एका राखीव कॅचरबरोबर हात फिरवत उभी. फार टाकलं की दमायला होतं, थांबलं की खांदा थंड पडतो. डोळे समोरच्या चेंडूवर आणि एक कान सरांच्या हाकेकडे. शेवटी हाक यायची ती बेस भरल्यावरच. मैदानात गेलं की कन्नड अंपायर सरावाच्या चार चेंडूंनंतर ‘साकु, साकु’ (पुरे, पुरे) करत हात हलवायचे, आणि ज्या मुली तासभर बॅटिंग करून तापलेल्या असतात त्यांच्यापुढे पहिलाच चेंडू नीट पडावा लागायचा. त्या अर्ध्या तासाचे पैसे नसतात ताई, त्या पहिल्या चेंडूचे असतात.

बाई, मुलगा सातवीत. झाडावरून पडून उजवा हात मोडला. प्लॅस्टर निघालं, खरं तो आता डाव्यानंच चेंडू फेकतोय. सासूबाई म्हणतात सवय मोड. काय करू? — एक आई, जांबोटी

आधी डॉक्टरांना हात दाखवून हाड नीट जुळलंय ना, कोपर पूर्ण सरळ होतं ना, एवढं बघून घ्या. ते ठीक असेल तर मुलाला फेकू द्या की डाव्यानं. बिली वॅग्नर जन्माचा उजवा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्यानं फेकायला लागला. त्या डाव्या हातानं त्यानं ४२२ सेव्ह केले आणि २०२५ मध्ये, मतदानाच्या शेवटच्या म्हणजे दहाव्या वर्षी, हॉल ऑफ फेममध्ये गेला. लिहायला तो उजवा हातच वापरतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या ऐकतील अशी हमी मी देत नाही.

बाई, तुमी गोल गोल बोलू नका. कुस्तीत पयला-दुसरा असतोय. नंबर लावा. — एक जुना पैलवान, येळ्ळूर

लावते, वस्ताद. पहिला रिव्हेरा, ते वर झालं. दुसऱ्या नंबरला मी जे नाव घेणार आहे त्यावर पुढच्या महिन्यात टपाल येणार हे ठाऊक आहे : हॉइट विल्हेल्म.

तुम्हाला हा माणूस आवडेल. नॉर्थ कॅरोलिनातल्या खेड्यातला. शाळेत असताना वर्तमानपत्रात एका पिचरच्या नकलबॉलबद्दल वाचलं आणि बोटांची पकड बघून घरीच शिकला. नकलबॉल म्हणजे बोटांची टोकं रुतवून असा ढकलायचा की चेंडू जवळजवळ गिरकीच घेत नाही. गिरकी नसली की वाऱ्यात शिवणीच्या दोऱ्यांमुळे तो कुठंही डुलतो. कुठं पडणार हे फलंदाजाला कळत नाही, कॅचरला कळत नाही, खरं सांगायचं तर टाकणाऱ्यालाही कळत नाही. बाल्टिमोरला त्याच्यासाठी मॅनेजरनं मुद्दाम नेहमीपेक्षा मोठा ग्लोव्ह बनवून घेतला, तरी कॅचरच्या हातून चेंडू निसटायचेच.

मध्येच दुसरं महायुद्ध. बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झाला, पर्पल हार्ट पदक मिळालं. ते सगळं होऊन मोठ्या लीगमध्ये पाय ठेवला १९५२ मध्ये, तिशीला टेकल्यावर. आपल्याकडे त्या वयात पैलवान लंगोट खुंटीला टांगतो. पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि होम रन मारला. एकूण एकवीस हंगाम खेळला, दुसरा होम रन कधीच नाही. त्याच पहिल्या वर्षी लीगमधला सगळ्यात कमी ईआरए त्याचा. सामने एकूण १,०७०, इनिंग सव्वादोन हजारांच्या आसपास, ईआरए २.५२. शेवटचा सामना १९७२ च्या जुलैमध्ये, पन्नास पुरी व्हायला थोडेच दिवस कमी. १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीफ पिचर तो. सेव्ह किती म्हणाल, तर त्याच्या कारकिर्दीतली बरीच वर्षं तो आकडा सरकारी नव्हताच. म्हणूनच लोक त्याला विसरतात आणि म्हणूनच मी त्याला वर घेते.

तिसरा गॉसेज. चौथा एकर्स्ली. पाचव्याला रॉली फिंगर्स की हॉफमन, इथं माझं मत दर आठवड्याला बदलतं. फिंगर्सचे सेव्ह ३४१, ओकलंडनं १९७२ ते ७४ सलग तीनदा वर्ल्ड सिरीज जिंकली त्यात त्याचा हात मोठा, १९८१ मध्ये साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही, आणि टोकं वळवलेली मेण लावलेली मिशी. मिशीसाठी तुम्ही त्याला वर घ्याल असं वाटतंय. ब्रूस सटर, ली स्मिथ, वॅग्नर यांची गर्दी त्यानंतर. एरिक गान्यानं २००३ मध्ये ५५ पैकी ५५ सेव्ह राखले, एका वर्षाचा नंबर लावायचा असता तर तो फार वर आला असता. लांबच्या शर्यतीत नाही.

बाई, मी दहावीत आहे. रिव्हेराचा कटर कसा टाकायचा? आणि आपल्या भारतातला कोण तिकडं गेलाय का? — विद्यार्थी, चिक्कोडी

दुसऱ्याचं उत्तर आधी. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये वेगवान चेंडू टाकायच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. खालच्या लीगमध्ये खेळले, तिथं रिलीफलाच यायचे. वरच्या लीगपर्यंत पोचले नाहीत.

आता कटर. रिव्हेरा पनामातल्या पोर्तो काइमितो नावाच्या मच्छीमारांच्या गावचा, वडील बोटीवर. लहानपणी ग्लोव्ह दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. यांकीजनी त्याला १९९० मध्ये दोन-तीन हजार डॉलरवर घेतला, म्हणजे फुकटच. १९९५ मध्ये स्टार्टर म्हणून चालला नाही. १९९७ मध्ये सामन्याआधी सोबत्याबरोबर नुसता कॅच खेळत असताना त्याचा सरळ चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप डावीकडे सरकायला लागला. समोरचा वैतागला, चेंडू धरता येईना. प्रशिक्षकानं आणि त्यानं आधी ते घालवायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून ठेवून घेतला. तोच कटर. पुढची सतरा वर्षं बहुतेक तेवढा एकच चेंडू. डाव्या फलंदाजाच्या मुठीवर येऊन आदळायचा आणि बॅट फुटायची. २०१३ मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, मिनेसोटाच्या संघानं त्याला फुटक्या बॅटांची झुलती खुर्ची भेट दिली.

पकड अशी. चेंडूच्या शिवणीवर आडवी दोन बोटं ठेव, सरळ वेगवान चेंडूला ठेवतात तशी. आता चेंडू हातात किंचित फिरवून बोटं मधोमध न ठेवता बाहेरच्या बाजूला, अंगठ्यापासून दूर, सरकव. सोडताना मधल्या बोटाचा दाब जास्त. मनगट वळवायचं नाही, हात सरळ चेंडूसारखाच जोरात खाली आणायचा. सरकणं दाबानं आलं पाहिजे, पिरगळून नाही. आपल्या गल्लीतल्या टेनिस बॉलवर हे होणार नाही, त्याला शिवणच नाही. बेसबॉलला १०८ दुहेरी टाके असतात, सगळं काम त्यांचं. शाळेत किट नसेल तर तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेला येणाऱ्या एखाद्या पी.टी. सरांना विचार, जुना चेंडू मिळेल, टाके उसवलेले नसले म्हणजे झालं.

आणि मोजून टाक. तिकडं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एका दिवसात ९५ च्या वर पिच टाकू देऊ नका असं सांगतात, आणि ७६ च्या वर गेला की पुढचे चार दिवस सुट्टी. त्या चार दिवसांत रविवारची टेनिस बॉल स्पर्धा आली तर फिल्डिंग कर, बॉलिंग नको. कोपर आतल्या बाजूनं दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांब आणि घरी सांग.